शुक्रवारी उघडणारी घरं

ॲन आर्बरमधल्या त्या वर्षांतलं मला सगळ्यात स्पष्ट काय आठवत असेल, तर ती माणसं नव्हेत, घरं. तीही ओळखीच्यांची नव्हेत. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, अशा लोकांची. शुक्रवारी सकाळी त्यांची दारं उघडायची, रविवारी संध्याकाळी बंद व्हायची आणि पुढच्या महिन्यात तिथे भलतंच कुणीतरी राहायला आलेलं असायचं. मधल्या तीन दिवसांत मी तिथून जाऊन आलेली असायचे. अजूनही दुपारी डोळा लागला की मी कुठल्यातरी अनोळखी जिन्यावरून वर चढत असते, कठड्यावरून हात फिरवत, आणि वरच्या खोलीत ऊन येऊन बसलेलं असतं. ते घर मी खरंच पाहिलं होतं की नव्हतं, हे जागी झाल्यावर मला सांगता येत नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नवऱ्याची पीएचडी रेंगाळली होती आणि मी युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. एका जुन्या लाकडी घराचा खालचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. मजला मोठा, सामान शून्य. गादी जमिनीवर, जेवायला पुस्तकांचा खोका. आमच्या ओळखीतले सगळे विद्यार्थी आपलं घर फुटपाथवरून भरायचे. टर्म संपली की जाणारी मुलं सोफे, टेबलं, दिवे रस्त्याच्या कडेला ठेवून द्यायची, ज्याला हवं त्याने न्यावं. एके दिवशी नवराही असाच एक सोफा मित्राच्या मदतीने दारापर्यंत घेऊन आला. मी दारातच आडवी उभी राहिले.

"हे आत येणार नाही."

"अगं, चांगला आहे यार. इथे सगळेच उचलतात."

"सगळ्यांना उचलू दे."

सोफा गेला, नवरा दोन दिवस धुसफुसत राहिला, आणि आम्ही पुन्हा खोक्यावर जेवायला लागलो. तो आमच्यातलाच, पण मुंबईत वाढलेला. त्याच्या घरी हा कायदा इतका कडक नव्हता. आमच्या नागपूरच्या घरात तर दुसरा कायदाच नव्हता. कुणी टाकलेलं उचलायचं नाही, एवढं एकच बाबांनी आम्हाला शिकवलं, बाकी सगळं शाळेवर सोडलं.

त्याला कारण होतं. बाबांचं लहानपण भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गेलं. आजोबांकडे गावकी होती, म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या लादलेली कामं. मोठ्या घरात कुणी मेलं की चार गावं पायी तुडवून त्याच्या सोयऱ्यांना खबर द्यायची, लाकडं वाहायची, आणि मोबदला म्हणून मयतावरचं कापड आणि मेलेल्याच्या अंगावरचे कपडे घ्यायचे. घ्यायचे म्हणजे हातात कुणी देत नसे. अंगणाबाहेर फेकायचे, यांनी उचलायचे. बाबा दहा वर्षांचे होईपर्यंत त्याच कपड्यांतून बेतलेले सदरे घालत. वर्गातला एक मुलगा एकदा त्यांच्या सदऱ्याची बाही धरून सगळ्यांना ओरडून म्हणाला होता, हा माझ्या आज्याचा आहे. पुढे चळवळीचं वारं गावात आलं, आजोबांनी गावकी सोडली (धम्माची दीक्षा त्यांनी बऱ्याच वर्षांनी घेतली) आणि घरात होती नव्हती ती सगळी जुनेरं वस्तीच्या कडेला नेऊन पेटवून दिली. बाबा त्या जाळाजवळ उघड्या अंगाने उभे होते, कारण अंगातला सदराही त्यात गेला होता. हे ते आम्हाला हसत सांगायचे. पण पोस्टात नोकरी लागल्यापासून त्यांनी आमच्या घरात एक गोष्ट जुनी येऊ दिली नाही. शेजारच्या दुकानात वापरलेली पाठ्यपुस्तकं स्वस्तात मिळायची, आम्हाला नवी. वर्षाला एक फ्रॉक, पण नवा. आई म्हणायची, या माणसाचा ताठा एक दिवस आपल्याला उपाशी ठेवेल. तसं कधी झालं नाही, पण त्या फ्रॉकवर आम्ही बहिणी तोंड वाकडं करायचो हेही खरं.

इस्टेट सेलची वाट मला लॅबमधल्या एका बाईंनी दाखवली. साठीला टेकलेल्या, तोंडाने फटकळ, आणि जुन्या वस्तूंच्या नादाने पार वाया गेलेल्या. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या लॅबच्या ओट्यावर गावातला पेपर पसरायच्या आणि छोट्या जाहिरातींवर लाल पेन्सिलने गोल काढायच्या. मी डबा खात बघत बसायचे. हळूहळू त्या मला वाचायला शिकवायला लागल्या. गराज सेल सोडून दे, तिथे लोक नको असलेलं विकतात. 'संपूर्ण घरातलं सामान' असं जिथे लिहिलंय तिथे जायचं. 'एकाच घरात पन्नास वर्षं' असं असेल तर काहीही करून जायचं. पत्ता नकाशावर शोधायचा, जवळजवळची घरं एका रेषेत घ्यायची. आणि खांबांवर ठोकलेल्या पुठ्ठ्याच्या बाणांवर भरवसा ठेवायचा नाही, कारण वाऱ्याने ते फिरतात आणि माणूस तळ्याकाठी जाऊन पोचतो. शनिवारी येऊन काम भरून काढायच्या बोलीवर आम्ही शुक्रवारी सकाळी लॅबला उशिरा जायला लागलो.

पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, ही माणसं गाव सोडून चालली आहेत. दारासमोर रांग होती, एक बाई नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होती. माझ्या मनाचा हिशेब सरळ होता. हे उचलणं नाही. नंबर लावून, पावती घेऊन घेणं आहे. मी निर्धास्त आत गेले. घर दुधासारख्या उजेडाने भरलेलं होतं. लोक हळू चालत होते, हळू बोलत होते. कपाटांची दारं उघडी, त्यात कप उलटे टांगलेले, प्रत्येकाला दोऱ्याने किमतीची चिठ्ठी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या मंगळवारी कुणीतरी दातांच्या डॉक्टरची वेळ लिहून ठेवली होती. झोपायच्या खोलीत पलंगाशी सपाता होत्या, पायांच्या आकाराला आलेल्या.

"ही माणसं कुठे गेली?" मी बाईंना विचारलं.

"वारली," त्या एक बशी उलटून खालचा शिक्का बघत म्हणाल्या. "म्हणून तर सेल आहे."

मी बाहेर येऊन त्यांच्या गाडीत बसून राहिले. बाबांचा तो जाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पण पुढच्या गुरुवारी पेपर पसरला गेला, तेव्हा मी डबा बाजूला सारून वाकले. त्याच्या पुढच्याही.

का, ते मी पुष्कळ दिवस स्वतःला कबूल केलं नाही. आता करायला हरकत नाही. वस्तूंचा मोह होताच, नाही म्हणत नाही. पण खरी ओढ दुसरी होती. माझ्या आजोबांना ज्या घरांच्या अंगणापलीकडे पाऊल टाकता आलं नाही, तसल्या घरांतून मी माजघरापर्यंत, झोपायच्या खोलीपर्यंत, माळ्यापर्यंत फिरत होते. कपाटं उघडत होते. खिडकीशी उभी राहून, इथून यांना सकाळी काय दिसत असेल ते बघत होते. आणि कुणी, कोण गं तू, असं विचारत नव्हतं. त्या तीन दिवसांपुरती सगळी घरं सगळ्यांची होती. कुठे घड्याळ चालू असायचं, कुठे साबणाच्या वडीवर बोटाचा खळगा असायचा, कुठे पियानोचं झाकण उघडं असायचं आणि येणारा जाणारा एखादी पट्टी दाबून पुढे जायचा. मी पाण्यात चालल्यासारखी चालत राहायचे. बाई हाका मारून थकायच्या.

खुर्ची मला ऑक्टोबरात मिळाली. नदीकडच्या उतारावरचं घर होतं. बाहेर झाडं लाल पिवळी झाली होती आणि खिडकीतून तो सगळा रंग आत सांडलेला. खुर्चीची पाठ उंच, हिरवं कापड विटलेलं, हात लाकडाचे आणि कुणाच्या तरी तळव्यांनी गुळगुळीत झालेले. मी सहज टेकले आणि चक्क झोपले. परक्या घरात, मेलेल्या माणसाच्या खुर्चीत, आजूबाजूला लोक दिवे आणि चमचे उचलून नेत असताना. किती वेळ झोपले कोण जाणे. जाग आली तेव्हा समोरची भिंत मोकळी झाली होती, चित्रं गेली होती, आणि बाई माझ्याशेजारी उभ्या राहून लोकांना सांगत होत्या, ही खुर्ची हिची आहे, दुसरीकडे बघा. त्या झोपेनंतर ती सोडून येणं मला शक्यच नव्हतं. नवऱ्याने ती गाडीच्या टपावर बांधून आणली, आणि दारात थांबून मला मुद्दाम विचारलं, "येऊ दे ना आत?"

"ही विकत घेतलेली आहे," मी म्हटलं.

"सोफा जिवंत माणसाचा होता," तो म्हणाला.

मग टेबल आलं, दिवे आले, ताटं, पडदे, भिंतीवरचं घड्याळ. दोन वर्षांत घर भरलं. बाबांना पत्रात मी लिहायचे, घर छान लावलंय. कुठून, ते लिहायचे नाही. आणि मग एका वसंतात, आई जाऊन दोन वर्षं झाल्यावर, बाबांचं पत्र आलं की ते उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे येताहेत.

मला हर्ष झाला, आणि मग मी पत्रातून मान वर करून घरभर नजर फिरवली. ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या अंगाला दुसऱ्याचा धागा लागू दिला नाही, तो आता अशा घरात राहायला येणार होता जिथली जवळजवळ प्रत्येक वस्तू मयताघरची होती. मी धावत दुकानात जाऊन नवा पलंग, नवी गादी, नवे टॉवेल आणले. बाकीचं काय करायचं? नवऱ्याने हात झटकले. "अगं, ते टेन्शन कॅन्सल कर. बाबांना कोण सांगणार आहे? रिलॅक्स." मी सांगितलं नाही. पण रिलॅक्सही झाले नाही.

बाबा आले ते नागपुरात खास प्रवासासाठी घेतलेले काळे बूट घालून. घरभर फिरले, टेबलावर हात फिरवला, दिव्याची कळ दोनदा लावून विझवली. भिंतीवरच्या आपल्या दोन तसबिरींना हात जोडले.

"हे सगळं तुम्ही घेतलं?"

"हो बाबा, घेतलं."

खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला बजावलं. आणि इतक्या सामानातून त्यांनी नेमकी ती खुर्ची निवडली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे. त्यांचे तळवे त्या लाकडी हातांवर असे बसायचे, की ती त्यांच्यासाठीच केली असावी. मला बघायला इतकं बरं वाटायचं आणि बघवायचंही नाही. एका रविवारी ते माझ्या धाकट्या बहिणीला पत्र लिहीत होते. लिहितालिहिता मोठ्याने वाचायची त्यांची सवय. "पोरीनं घर नव्या सामानानं भरलं आहे. कुणाचं काही घेतलं नाही." मी स्वयंपाकघरात पोळी लाटत होते. तव्यावरची करपली. ते पत्र दुसऱ्या दिवशी मीच पेटीत टाकलं, आणि टाकताना पाकीट क्षणभर हातात धरून उभी राहिले. उद्या सांगू, असं रोज म्हणायचे. रोजचा उद्या पुढे जायचा.

बाबांना सकाळी लांब फिरायची सवय होती. एका शुक्रवारी मी लॅबमधून दुपारी लवकर परत आले, तर ते बाहेरच्या पायरीवर बसलेले. पायात नुसते मोजे, आणि मोजे तळाशी काळे झालेले.

"बाबा, बूट कुठे?"

"विकले गेले," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तीन-चार रस्ते पलीकडे एका घरासमोर त्यांना सकाळी रांग दिसली. लोक गुपचूप उभे होते. बाबांनी एका बाईला अदबीने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, इथले म्हातारे गृहस्थ वारले.

"मग म्हटलं, मयताच्या दारावरून तसंच कसं पुढं जायचं? उभा राहिलो. एका बाईनं नंबर दिला. मले वाटलं, शिस्तीचा देश आहे, मयतालाही नंबरानं सोडत असतील."

पायरीशी त्यांनी बूट काढून नीट जोडून ठेवले आणि आत गेले. हात जोडून, खाली मान घालून. मयत कुठे ठेवलंय ते शोधत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले. घरचं कुणी रडताना दिसेना. एक बाई भांडी छातीशी धरून गेली. कपाटाच्या आरशासमोर एक पांढऱ्या केसांचा, चांगल्या घरचा वाटणारा माणूस मेलेल्याचा कोट अंगावर चढवून बघत होता, मागून कसा दिसतो, पुढून कसा दिसतो.

"मी त्या खोलीत मधोमध उभा, हात जोडलेले. तो मले म्हणतो, हाऊ डू आय लुक?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? म्हटलं, व्हेरी गुड."

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. बाबाही थोडे हसले. बाहेर आले तर पायरीवर बूट नव्हते. कुणीतरी ते उचलून गल्ल्याच्या टेबलावर नेले होते आणि तिथल्या बाईने विकून टाकले होते. तिला कळलं तेव्हा ती बिचारी रडायच्या बेताला आली. धावत वर जाऊन मेलेल्या माणसाचे दोन जोड घेऊन आली आणि बाबांच्या पायाशी ठेवून म्हणाली, बघा, तुमच्याच मापाचे आहेत, फुकट घ्या.

"मी म्हटलं, नो, थँक यू. आणि निघालो."

उघड्या दारातून आत खुर्ची दिसत होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते. चिठ्ठीचा दोरा मी कधीच कापला होता, पण त्यांनी आज तसले शंभर दोरे पाहिले होते.

"ही खुर्ची गं?"

मग मी सगळं सांगितलं. खुर्चीचं, टेबलाचं, ताटांचं. पलंग तेवढा नवा आहे, हे दोनदा सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त, "बरं," म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना नवे बूट आणले. ते जेवत होते, बोलत होते, त्याच ताटात भाजी वाढून घेत होते. बाकी वस्तूंचा त्यांनी विषयसुद्धा काढला नाही. पण त्या खुर्चीत ते बसले नाहीत. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर पाठ ताठ करून, गुडघ्यावर पेपर धरून बसायचे. सत्तरीचा माणूस, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आठ दिवस मी ते बघितलं. त्यांनी आयुष्यभर जपलेली एक गोष्ट मी मोडली होती, तीही त्यांना पत्ता लागू न देता, आणि ते मला एका शब्दाने बोलत नव्हते. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही येत होता. मी काय चोरी केली होती?

नवव्या दिवशी, शनिवारी, माझं डोकं फिरलं. बाबा अंघोळीला गेले तसं मी नवऱ्याला म्हटलं, "उचल ही खुर्ची." आम्ही दोघांनी ती रस्त्याच्या कडेला गवतावर नेऊन ठेवली आणि मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'फ्री' लिहून तिच्या पाठीला अडकवला. नवरा म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." आत आले आणि जिथे ती असायची तिथला रिकामा चौकोन बघत उभी राहिले. पण मनाशी म्हटलं, झालं, बाबांचं मन राखलं. आता ते नव्या खुर्चीत बसतील. मी सोमवारीच नवी आणेन.

बाबा बाहेर आले. रिकामा चौकोन त्यांनी पाहिला, मग खिडकीतून रस्ता पाहिला. तिथे दोन विद्यार्थी थांबले होते, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी खुर्चीत बसून बघत होती आणि मुलगा पुठ्ठा काढत होता. बाबा ओल्या केसांनी, घरातल्या स्लीपर घालून, झपाझप बाहेर गेले. मी खिडकीशी उभी राहिले. काचेतून आवाज येत नव्हता. बाबांचा हात हलताना दिसला, मुलगी पटकन उठून उभी राहिलेली दिसली, मग ती दोघं मान हलवत निघून गेली. बाबा पुठ्ठा हातात घेऊन आत आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"हे तू लिहिलं?"

"हो बाबा. तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी?" ते म्हणाले. "माझ्या बापानं जे उचललं ना, ते असंच टाकलेलं असायचं. अंगणाबाहेर. लागत असेल तर ने. आज माझ्या लेकीच्या घरासमोर मी तेच पाहिलं. फक्त टाकणारी तू."

दोन वर्षं मी स्वतःला पावत्या दाखवत होते, की मी उचलणारी नाही. टाकणारी होऊ शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"त्या पोरांना काय सांगितलं?" शेवटी नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं, सॉरी, धिस इज नॉट फ्री. माझ्या लेकीनं नंबर लावून, मोल देऊन घेतली आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि आठ दिवस मी तिथं बसलो नाही, ते तुझ्यावर रुसून नाही. जमत नव्हतं मले. मी जमवत होतो. तुले धीर नाही धरवला काऊन?"

त्यांनी पुठ्ठ्याचे चार तुकडे करून केराच्या डब्यात टाकले. नवरा पुढे झाला, तर त्याला हातानेच थांबवलं. "आम्ही आणतो." खुर्चीची एक बाजू त्यांनी धरली, एक मी. गवतातून, पायऱ्यांवरून, दारातून. दोनदा टेकवावी लागली. तिला तिच्या जागी ठेवलं तेव्हा आम्हा दोघांनाही धाप लागली होती. मी वाट बघत उभी राहिले. ते बसले नाहीत.

"तू बस आधी," ते म्हणाले.

मी बसले. काही न कळता, दोन्ही हात त्या लाकडी हातांवर ठेवून. ते खिडकीला पाठ लावून माझ्याकडे बघत उभे होते. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू झालं आणि बंद पडलं. बाबांच्या केसांतलं पाणी खांद्यावर टपकून शर्टावर एक डाग पडला होता, आणि तो मी बघत होते.

"आता ऊठ," ते म्हणाले.

मी उठले. ते सावकाश बसले, मागे टेकले, पाय लांब केले.

"लेकीचं वापरलेलं चालते मले," ते म्हणाले आणि त्यांनी पेपर मागितला.